पेलेट स्टोव्ह आणि त्याचा व्हेंट: हवेची वाट मोकळी कशी ठेवायची

श्रीरंग

गेल्या हिवाळ्यात आमचा पेलेट स्टोव्ह, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या गोळ्या (पेलेट) जाळून घर तापवणारी शेगडी, रोज पहाटे तीनच्या आसपास बंद पडायला लागला. रात्री झोपताना सगळं उत्तम असायचं. ज्योत उभी, काच स्वच्छ, बर्नपॉट (पेलेट ज्यात जळतात ते भोकांचं भांडं) नुकताच खरवडलेला. पहाटे गारठ्याने जाग यायची तेव्हा पडद्यावर हवेच्या दाबाचा एरर आणि हॉपरमध्ये, म्हणजे पेलेट भरून ठेवायच्या टाकीत, पेलेट जसेच्या तसे. दुरुस्तीवाल्यांनी आतल्या हवेचा दाब बघणारा व्हॅक्यूम स्विच बदलून दिला. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग ते म्हणाले, बोर्ड गेला असणार. तेव्हा मी ठरवलं की बोर्ड बदलायच्या आधी एकदा स्वतः सगळं उघडून बघायचं.

फायरबॉक्सच्या, म्हणजे जिथे आग जळते त्या पेटीच्या, मागच्या भिंतीला विटांची नक्षी असलेलं बिडाचं पॅनेल आहे. दोन खिट्ट्या फिरवल्या की ते निघतं, हे मला तीन वर्षं माहीतच नव्हतं. काढायच्या आधी रबरी हातोडीने त्यावर दोन हलके ठोके दिले. आत काहीतरी सरसरत खाली गेलं. पुन्हा ठोकलं, पुन्हा सरसर. पॅनेल हातात आलं तेव्हा मागची पोकळी राखेने गच्च भरलेली दिसली. फिकट करडी, पावडरीसारखी मऊ, पण इतकी दाबून बसलेली की बोट घातलं तर बोटाचं भोक तसंच राहिलं. धूर जायला वरच्या बाजूला जेमतेम दोन बोटांची फट उरली होती. बाहेर जाऊन व्हेंटच्या, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाच्या, टी आकाराच्या जोडाची (टी-ची) खालची टोपी काढली, तर तिथेही राखेचा नमद्यासारखा थर.

त्याआधी मी रोज काच पुसत होतो, राखेचा ट्रे वेळेवर रिकामा करत होतो. पण दिसतं तेवढंच साफ करत होतो. ज्यांच्याकडे पेलेट स्टोव्ह आहे त्यांनी मनावर घ्यावं म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

लाकडाच्या साध्या स्टोव्हला उंच धुराड्याची नैसर्गिक ओढ असते. पेलेट स्टोव्हमध्ये ते काम धूर बाहेर फेकणारा ब्लोअर करतो. तो फायरबॉक्समधली हवा ओढून घेतो, आतला दाब किंचित उतरतो, आणि ती उणीव भरायला ताजी हवा बर्नपॉटच्या भोकांतून वर उसळते. ज्योतीला फुंकर मिळते ती इथून. व्हॅक्यूम स्विच त्या उतरलेल्या दाबावर लक्ष ठेवून असतो. दाब पुरेसा उतरला नाही की तो ऑगर (पेलेट बर्नपॉटकडे ढकलणारा स्क्रू) थांबवतो, पेलेट पडायचे बंद होतात आणि विस्तव विझतो. म्हणजे आमचा स्विच रोज पहाटे आपलं काम चोख करत होता! पहाटेच का, तेही मग कळलं. रात्री आम्ही आच सगळ्यात कमी ठेवतो आणि आमच्या मॉडेलमध्ये तेव्हा हा ब्लोअरही हळू फिरतो. दिवसा तो तुंबलेल्या वाटेतूनही धूर रेटत होता, रात्री ते त्याला झेपत नव्हतं.

राख किती होते याचा हिशोब करून बघा. युरोपातल्या ईएनप्लस ए१ प्रतीच्या पेलेटमध्ये जास्तीत जास्त ०.७ टक्के राख चालते. एक टन पेलेट जाळले तर सात किलोपर्यंत. त्यातली जड राख ट्रेमध्ये पडते. बारीक राख धुराबरोबर उडते आणि जिथे धुराचा वेग मंदावतो तिथे बसते. वळणं, पॅनेलमागची पोकळी, टी, आडवा पाइप, टोकाच्या कॅपची जाळी. जास्त राख असलेले पेलेट घेतले तर हे सगळं आणखी वेगाने.

आता मी काय करतो ते सांगतो. स्टोव्ह पूर्ण गार झाल्यावर प्लग काढायचा आणि हवा ज्या क्रमाने जाते त्याच क्रमाने जायचं. पहिलं, बाहेरून हवा घेणाऱ्या नळीच्या तोंडाची जाळी. मग बर्नपॉट बाहेर काढून त्याचं प्रत्येक भोक तारेने मोकळं करायचं, वरवर खरवडून भागत नाही. बर्नपॉट ज्या खाचेत बसतो तिथे चिमूटभर राख राहिली तरी तो तिरका बसतो आणि हवा भोकांतून न जाता कडेने पळते. इग्नायटरच्या (पेलेट पेटवणाऱ्या भागाच्या) नळीतली राखही तेव्हाच काढायची. त्यानंतर फायरबॉक्सच्या भिंती, वरचे बॅफल (धुराला वळण देणारे पत्रे), खोलीची हवा तापवणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या नळ्या, मागचं पॅनेल. बऱ्याच मॉडेलमध्ये राखेच्या ट्रेच्या दोन्ही बाजूंना छोटी झाकणं असतात, त्यांच्यामागे राख साठायचे कप्पे असतात. तुमच्या मॉडेलमध्ये ते कुठे आहेत ते मॅन्युअलच्या आकृतीत शोधाच. मग ब्लोअरचं घर उघडून पात्यांवरची राख जुन्या टूथब्रशने काढायची आणि बसवताना नवीन गॅस्केट (सांधा हवाबंद करणारी पट्टी) लावायचं. जुनं गॅस्केट एकदा सुटलं की परत नीट दबत नाही. शेवटी टी, पाइप आणि कॅप.

व्हॅक्यूम स्विचची बारीक रबरी नळीही राखेने बुजते. ती स्विचपासून सोडवून मगच स्टोव्हच्या दिशेने फुंकायची. स्विचच्या दिशेने फुंकलंत तर आतला पातळ पडदा जातो.

बर्नपॉट रोज, कप्पे महिन्याने, आणि हे सगळं साग्रसंगीत दर टनामागे एकदा, असं मी आता ठरवलंय. वापर कमी असला तरी हंगामात एकदा तरी. अमेरिकेतलं एनएफपीए २११ हे मानक धुराडी आणि व्हेंट यांची वर्षातून एकदा तपासणी सांगतं, आणि ते पेलेट स्टोव्हच्या व्हेंटलाही लागू आहे.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः व्हेंटच्या पाइपाबद्दल, कारण तिथे मी अजून शिकतोच आहे.

शुभदा

श्रीरंग, अगदी वेळेवर धागा काढलात. आमचा हा पहिलाच हिवाळा आहे आणि स्टोव्ह घराबरोबर आला, आधीच्या मालकांनी बसवलेला. आमच्याकडे बंद पडत नाही, पण काच अर्ध्या दिवसात काळी होते. ज्योत लांब, केशरी आणि आळसावलेली, वर टोकाला काळा धूर. पेलेट नवीन पिशवीतले आहेत. मॅन्युअल नाही. उघडायची भीती वाटते, एखादा भाग तुटला तर ऐन थंडीत काय करायचं? कुठून सुरुवात करू?

दिगंत

शुभदाताई, तुमच्या स्टोव्हला हवा कमी पडतेय, एवढं वर्णनावरूनच कळतं. चांगली ज्योत आखूड, उजळ पिवळी आणि चपळ असते, बर्नपॉटमध्ये ठिणग्या नाचत असतात. काचेचा रंगही बघत जा. फिकट करडी किंवा तपकिरी भुकटी बसत असेल तर काळजी नको, ती पुसली की जाते. काळी, तेलकट काजळी म्हणजे लाकूड पुरतं जळत नाहीये.

मॅन्युअलची काळजी करू नका. स्टोव्हच्या मागे किंवा हॉपरच्या झाकणाच्या आत मॉडेल नंबराची पट्टी असते, त्यावरून बहुतेक उत्पादकांच्या संकेतस्थळावर मॅन्युअल मिळतं. ते हातात येईपर्यंत काहीही न उघडता करायची एक तपासणी सांगतो. स्टोव्ह गार असताना दाराच्या फटीत कागदाची पट्टी ठेवा, दार लावा आणि पट्टी ओढा. घट्ट यायला हवी. दाराच्या चारी बाजूंनी, दर वीतभर अंतरावर हेच करा. जिथे पट्टी सहज सरकते तिथे गॅस्केटची दोरी चपटी झालेली आहे. तिथून हवा आत शिरते आणि बर्नपॉटला मिळायची हवा तेवढी कमी होते. दार नीट लागलंय असं वाटतं, म्हणून याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

काच पुसायला महागडं काही नको. ओला कागद बारीक राखेत बुडवून गोल फिरवा, मग कोरड्या फडक्याने पुसा. राखेत खडा नाही ना ते आधी बघा. आणि काच गारच हवी.

गारठा

माझा प्रश्न बर्नपॉटमधल्या खड्यांबद्दल आहे. पूर्वी मोकळी राख असायची. या वर्षी दोन दिवसांत तळाला काचेसारखा चकचकीत, खडबडीत थर जमतो. पटाशी लावून उचकटावा लागतो. उलटा करून बघितला तर त्यावर बर्नपॉटच्या भोकांचे गोल ठसे उमटलेले! स्टोव्ह तोच, पेलेट फक्त वेगळे. पेलेटचा दोष की स्टोव्हचा?

तंत्रवेडा

गारठा, त्याला क्लिंकर म्हणतात. राखेत सिलिका असते आणि साल, माती, वाळू यांच्याबरोबर ती वाढते. आच तापली की हे सगळं वितळून एकमेकांना चिकटतं आणि गार झालं की दगड. सालीसकट दळलेल्या किंवा माती लागलेल्या लाकडाच्या पेलेटमध्ये हे जास्त होतं. तेव्हा पेलेटचा दोष आहेच, पण स्टोव्हचाही थोडा असू शकतो. क्लिंकरने काही भोकं बुजली की उरलेल्या भोकांतून हवा जोरात येते, तिथे आच वाढते आणि तिथेच पुढचा क्लिंकर तयार होतो. म्हणून एक पिशवी दुसऱ्या प्रतीची आणून, बर्नपॉट पूर्ण साफ करून जाळून बघा. दोन दिवसांत उत्तर मिळेल. हे पेलेट टाकून द्यायचे नसतील तर चांगल्यात मिसळून वापरा आणि दिवसातून दोनदा बर्नपॉट बघा. पण प्रत्येक वेळी स्टोव्ह बंद करून, गार करूनच.

आता श्रीरंग यांनी व्हेंटचं विचारलंय, तर माझी पद्धत सांगतो. पालापाचोळा उडवायचा ब्लोअर असतो ना, त्याची हवा ओढणारी बाजू बाहेर व्हेंटच्या तोंडाला लावायची. मी रबरी कपलिंग आणि चिकटपट्टीने सांधा बंद करतो. आत एकजण रबरी हातोडीने फायरबॉक्सच्या भिंती ठोकतो, बाहेर मी ब्लोअर चालवतो. ब्रशला पोचत नाही तिथलीही राख पाच मिनिटांत बाहेर. पहिल्यांदा केलं तेव्हा राखेचा एवढा ढग उठला की शेजारी विचारायला आले. मास्क आणि चष्मा लावाच, आणि वारा पाठीकडून येईल असे उभे राहा.

मुग्धा

तंत्रवेडा, पद्धत चांगली आहे, आम्हीही एकदा केली. पण त्यात दोन गोष्टी राहिल्यात आणि त्या महत्त्वाच्या आहेत. एक, व्हॅक्यूम स्विचची नळी आधी काढून ठेवायला हवी. एवढी जोरदार ओढ त्या नाजूक स्विचसाठी नाही. दुसरी, आत एकही निखारा जिवंत नाही याची पक्की खात्री हवी. ब्लोअरची ओढ म्हणजे भाता. राखेखाली झोपलेला निखारा त्या हवेने फुलतो आणि ठिणगी थेट पाइपात किंवा ब्लोअरच्या प्लास्टिकमध्ये जाते.

हे मी ऐकीव सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या दिरांनी "गार झालंय" म्हणून घरातल्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरने राख ओढली. स्टोव्ह बंद होऊन बारा तास झाले होते. संध्याकाळी क्लीनर ठेवलेल्या कपाटातून जळकट वास आला. पिशवीतली राख धुमसत होती आणि कापडी पिशवीला मुठीएवढं भोक पडलं होतं. वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं. राखेत निखारा कित्येक दिवस जिवंत राहू शकतो, वरची राखच त्याला पांघरूण घालते. तेव्हापासून आमच्याकडे धातूच्या पिंपाचा, खास राखेसाठीचा व्हॅक्यूम आहे, आणि तोही आम्ही गार राखेवरच वापरतो. राख झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या डब्यात, डबा घराबाहेर, सिमेंटवर. लाकडी ओट्यावर कधीही नाही.

शिवाय ओढून घेतल्याने सैल राख निघते, पण पाइपाच्या आतल्या बाजूला चिकटलेली काजळी निघत नाही. तिला ब्रशच हवा. पाइपाच्या व्यासाचा, लवचिक दांड्याचा. म्हणून मी आधी ब्रश फिरवते, मग ओढ.

तंत्रवेडा

मुग्धाताई, मान्य. नळी मी काढतो, पण इथे लिहायला विसरलो, आणि ते लिहायला हवंच होतं. निखाऱ्याबद्दल मी स्टोव्ह दोन दिवस बंद ठेवून, राख आधी हाताने काढून मग ब्लोअर लावतो. ज्यांचा व्हेंट छपरावरून बाहेर निघतो त्यांनी मात्र यासाठी शिडीवर चढू नये. त्यांनी खालच्या टी-पासून ब्रश वर घालावा.

माधव_न

व्हेंट हा माझा आवडता विषय, म्हणून जरा लांबण लावतो.

ब्लोअरच्या अलीकडे, म्हणजे फायरबॉक्समध्ये, दाब कमी असतो. तिथे फट असली तर बाहेरची हवा आत जाते, धूर बाहेर येत नाही. ब्लोअरच्या पलीकडे सगळं उलटं. व्हेंटचा पाइप दाबाखाली असतो, म्हणून सांध्यात केसाएवढी फट असली तरी धूर घरात येतो. त्यासाठी पेलेट व्हेंट म्हणून विकला जाणारा दुहेरी भिंतीचा, सांध्यात गॅस्केट असलेला पाइपच लागतो. कपडे वाळवायच्या यंत्राची नळी किंवा गॅसच्या उपकरणांचा पाइप इथे चालत नाही, मग बसताना कितीही चपखल बसो. स्टोव्हच्या तोंडाशी जो पहिला जोड असतो तिथे उच्च तापमानाचं सिलिकॉन लावतात. दरवर्षी पाइप सोडवून साफ केलात तर ते सिलिकॉन खरवडून नवीन लावायला विसरू नका.

गळती शोधायची सोपी रीत म्हणजे प्रत्येक सांध्यावर टॉर्च मारा. करडा किंवा तपकिरी ओघळ दिसला, पाइपाच्या बाहेरून बोट फिरवल्यावर काळं लागलं, की तिथून धूर येतोय.

पाइपाची लांबी आणि वळणं यांचा एक हिशोब बहुतेक उत्पादक देतात. उभ्या पाइपाच्या दर फुटाला अर्धा गुण, आडव्याच्या दर फुटाला एक, ९० अंशाच्या कोपराला आणि टी-ला प्रत्येकी पाच, ४५ अंशाच्या कोपराला तीन. बेरीज १५ च्या पुढे गेली तर ३ इंची पाइप अपुरा पडतो, ४ इंची घ्यावा लागतो. एक कोपर पाच फूट आडव्या पाइपाएवढा अडथळा करतो, हे लक्षात आलं की माणूस वळणं कमी करायला लागतो. जिथे कोपर टाळता येत नाही तिथे कोपराऐवजी टोपीवाली टी टाका. गुण तेवढेच, पण साफ करायला दार मिळतं.

पेलेटच्या धुरात, स्टोव्ह नीट जळत असेल तर, डांबरासारखं क्रिओसोट फारसं नसतं. लाकडाच्या स्टोव्हच्या तुलनेत हा मोठा फायदा. पण म्हणून पाइप स्वच्छ राहतो असं नाही. त्यात उडती राख असते, आणि आडव्या तुकड्यात ती तळाला वाळूसारखी साचते. आडवा पाइप सहा महिन्यांत अर्धा भरलेला मी पाहिलाय. आणि हवा कमी पडणाऱ्या स्टोव्हच्या पाइपात काजळी जमते, ती पेट घेऊ शकते.

वीज गेल्यावर काय होतं हेही माहीत असू द्या. ब्लोअर थांबतो, बर्नपॉटमधले पेलेट धुमसत राहतात, आणि धुराला रेटणारं कुणी उरत नाही. व्हेंट भिंतीतून सरळ आडवा बाहेर काढलेला असेल तर तो धूर खोलीत येऊ शकतो. बाहेर तीन ते पाच फुटांचा उभा पाइप असेल तर धूर आपोआप वर खेचला जातो. जमत असेल तर ब्लोअरपुरता बॅटरीचा आधार ठेवा.

शेवटचं, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. त्या वायूला वास नाही, रंग नाही. एक अलार्म स्टोव्हच्या खोलीत आणि एक झोपायच्या खोल्यांजवळ. त्याच्या मागे वापराची मुदत छापलेली असते, ती उलटली असेल तर बॅटरी चांगली असूनही बदला.

शुभदा

दिगंत, कागदाची पट्टी लावून बघितली. तीन बाजूंनी घट्ट, बिजागरीच्या बाजूला खालून वीतभर जागेत पट्टी अलगद निघून आली! नवी दोरी मागवली आहे.

पण आज सकाळी वेगळंच झालं. सुरू केला तर पेलेट पडत राहिले, ज्योत काही येईना. बर्नपॉट शिगोशीग भरला, मग पांढरा दाट धूर फायरबॉक्समध्ये भरला आणि एकदम "भप्प" असा आवाज होऊन पेटला. काचेला हादरा बसला. मी दार उघडून पेलेट काढायच्या बेतात होते.

श्रीरंग

शुभदाताई, दार उघडलं नाहीत ते फार बरं झालं. तो पांढरा धूर म्हणजे न जळलेला ज्वलनशील वायू. दार उघडलं की त्याला भरपूर हवा मिळते आणि तो तुमच्या तोंडावर पेटतो. असं पुन्हा झालं तर दार बंदच ठेवा आणि ब्लोअर चालू राहू द्या, तो धूर बाहेर काढेल. प्लग उपसायचा नाही. पूर्ण विझून गार झालं की मगच उघडायचं, बर्नपॉट रिकामा करायचा आणि नव्याने सुरू करायचं. भरलेला बर्नपॉट तसाच ठेवून दुसऱ्यांदा स्टार्टचं बटण दाबायचं नाही. आणि पेटत नाही म्हणून रॉकेल, स्पिरिट वगैरे काहीही ओतायचं नाही.

कारण बहुधा इग्नायटरच्या तोंडाशी साचलेली राख. गरम हवा ज्या भोकातून पेलेटवर येते तेच बुजलं असेल. ते साफ करूनही वेळ लागत असेल तर इग्नायटर थकलाय. तो झिजणारा भाग आहे, कधीतरी बदलावाच लागतो.

आता मात्र पुढची आच लावायच्या आधी सगळं उघडून साफ करा. आधीच्या मालकांनी शेवटचं कधी केलं होतं कुणास ठाऊक. एकट्याने करायचं धाडस होत नसेल तर पहिल्या खेपेला जाणकार माणूस बोलवा, पण शेजारी उभं राहून प्रत्येक झाकण कुठे आहे ते बघून घ्या आणि फोटो काढून ठेवा.

चांदणी

चांगला चाललाय धागा. पेलेट कुठे आणि कसे ठेवता यावर कुणीच लिहिलं नाही, म्हणून भर घालते. पेलेट म्हणजे दाबलेला भुसा. ओल लागली की फुगतो आणि विस्कटतो. हॉपरच्या तळाशी असा भुसा साचला की ऑगर अडतो. दर काही पिशव्यांनंतर हॉपर रिकामा होऊ द्या आणि तळातला चुरा ओढून काढा. पेलेट फार लांब असतील तरी त्रास होतो, हॉपरमध्ये त्यांची कमान धरते. वर पेलेट दिसतात, खाली पोकळी आणि स्टोव्ह विझलेला. ईएनप्लसमध्ये लांबीची मर्यादा ४० मिलिमीटर आहे ती त्यासाठीच.

दुसरं, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. पेलेट नुसते साठवलेले असतानाही कार्बन मोनॉक्साइड सोडतात. घरातल्या चार पिशव्यांनी काही होत नाही, पण सुट्या पेलेटची मोठी बंद कोठी असेल तर आत डोकावण्याआधी ती हवेशीर करायलाच हवी. २००६ साली स्वीडनच्या हेल्सिंगबोर्ग बंदरात पेलेट घेऊन आलेल्या जहाजावर यामुळे एक खलाशी गेला. तो साठ्यात नाही, शेजारच्या जिन्यात उतरला होता.

हंगाम संपला की आम्ही हॉपर आणि ऑगर पूर्ण रिकामा करतो आणि तेव्हाच मोठी सफाई करतो, पुढच्या थंडीची वाट बघत नाही. राख हवेतली ओल शोषते आणि ओली राख क्षारयुक्त असते. चार-सहा महिने ती पत्र्यावर बसून राहिली की गंज ठरलेला. प्लग काढतो, हॉपरचं झाकण घट्ट लावतो, व्हेंटच्या तोंडाला जाळी बांधतो म्हणजे पक्षी आणि गांधीलमाश्या घर करत नाहीत. जाळी बांधली की स्टोव्हच्या बटणावर कागद चिकटवतो, "बाहेरची जाळी काढा".

गारठा

तंत्रवेडा, दुसऱ्या प्रतीची पिशवी आणून जाळली. तीन दिवस झाले, खडा नाही. मोकळी राख, फुंकली तर उडेल अशी. जुन्या पेलेटची अर्धी पिशवी पाण्यात टाकून बघितली. भुसा विरघळून गेल्यावर तळाला बोटाला लागेल इतकी वाळू होती.

आणखी एक विचारायचंय. खोलीत गरम हवा सोडणारा दुसरा पंखा हल्ली किंचाळतो. त्याचीही सफाई असते का?

दिगंत

असते, आणि सगळ्यात जास्त विसरली जाते. तो धुराच्या वाटेत नाही, त्यामुळे त्यात राख नसते. पण खोलीतली धूळ, गालिच्याचे तंतू, मांजराचे केस सगळं तो खेचतो. मागचं झाकण काढून पाती ब्रशने साफ करा. काही जुन्या मोटरांना तेलाची भोकं असतात, तिथे दोन थेंब पुरतात. भोकं नसतील तर तेल घालू नका. साफ करूनही किंचाळत असेल तर बेअरिंग गेलंय. हा पंखा मंदावला की उष्णता स्टोव्हमध्येच अडकते आणि जास्त तापल्यामुळे सुरक्षा स्विच सगळं बंद करतो. तेव्हा आवाज चालवून घेऊ नका.

शुभदा

कालचा अख्खा दिवस यातच गेला, म्हणून आज लिहितेय. मॅन्युअल मिळालं, पट्टीवरच्या नंबरावरून. जाणकार माणूस बोलावला आणि शेजारी उभं राहून सगळं पाहिलं, फोटो काढले.

इग्नायटरचं भोक पूर्ण बुजलेलं होतं. बर्नपॉटची खालच्या रांगेतली भोकं मी आजवर नक्षी समजत होते, इतकी ती भरलेली होती. बाजूच्या दोन्ही कप्प्यांमधून अर्धा डबा राख निघाली. टी मोकळी होती, मला वाटलं आता झालं. शेवटी बाहेरून हवा आत घेणाऱ्या नळीची जाळी काढली, तर आत गांधीलमाशीचं मातीचं घर. नळी निम्म्याहून जास्त बंद. ते काठीने फोडलं तेव्हा वाळलेली माती खळखळत नळीतून खाली पडली.

रात्री नवीन दोरी लावून, कागदाची पट्टी चारी बाजूंनी पुन्हा ओढून बघितली आणि मग स्टोव्ह सुरू केला. चार मिनिटांत पेटला. ज्योत आखूड, पिवळी, आणि पेलेट बर्नपॉटमध्ये उड्या मारत होते. आज सकाळी काचेवर फिकट करडी भुकटी होती, फडक्याने एकदा पुसल्यावर गेली. कार्बन मोनॉक्साइडचे दोन अलार्म काल संध्याकाळीच लावलेत, एक इथे आणि एक मुलांच्या खोलीबाहेर.